अमेरिकेतील चर्च आणि गुलामगिरीचा प्रश्न

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला, हे वाचकांना विदितच आहे. त्या सज्जनांत धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोकांचा भरणा मोठा होता. यावरून ख्रिस्ती धर्मानेच गुलामगिरी नष्ट केली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु गुलाम बाळगणारे मळेवालेही रविवारी चर्चमध्येच जात असत. एकाच बायबलातून असे परस्परविरोधी आचार कसे निघाले, हा प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत.

केवळ ग्रंथप्रामाण्याने हा वाद सुटणारा नव्हता. मोशेने इस्राएल लोकांना मिसर देशाच्या दास्यातून बाहेर काढले, ही कथा जुन्या करारात आहे; तर दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हा उपदेश नव्या करारातील पत्रांत आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलातील निवडक भागांचे एक पुस्तक छापण्यात आले. त्यातून मुक्तीची ती कथा गाळण्यात आली आणि आज्ञापालनाचा उपदेश मात्र राखण्यात आला! प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. ग्रंथात काय आहे याइतकेच, त्यातले काय वाचून दाखविले जाते यालाही महत्त्व असते.

मग बदल घडला कोठून? आमच्या मते क्वेकर पंथाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाऊन येथे चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन सह्या करून पंथाच्या सभेपुढे ठेवले. सभेने ते वरच्या सभेकडे धाडले, तिने आणखी वरच्या सभेकडे. आणि अखेर निर्णय घेण्याचे टाळण्यात आले. त्या काळी अनेक सधन क्वेकर स्वतःच गुलाम बाळगून होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या टाळाटाळीचा उलगडा होतो. पुढे जॉन वुलमन (१७२०–१७७२) या शिवणकाम करणाऱ्या गृहस्थाने गुलामांच्या विक्रीची कागदपत्रे लिहिण्यास नकार दिला. तो पंथबंधूंच्या घरोघरी जाऊन त्यांच्याशी बोलत राहिला. जेथे गुलामांकडून सेवा घडे तेथे तो त्या सेवेचे मोल देऊ करी. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवण्याचे ठरविले आणि १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्यांना पंथाबाहेर काढण्याचा नियम केला. निवेदनापासून नियमापर्यंत ८८ वर्षे लोटली. उपदेश आधीही होताच. तो सभासदत्वाची अट झाला तेव्हा त्याला धार आली.

मेथडिस्टांनीही १७८४ साली असाच नियम केला होता. पण दक्षिणेतील विरोधामुळे तो वर्षभराच्या आतच स्थगित झाला. पुढे एका बिशपाच्या गुलाम-मालकीवरून १८४४ साली त्यांच्यात फूट पडली. १८४५ साली दक्षिणेतील बॅप्टिस्टांनीही आपली वेगळी संघटना स्थापन केली.

या सर्व वादात ज्यांच्याविषयी वाद होता, त्यांचे म्हणणे बहुधा मागे पडते. फिलाडेल्फियातील एका चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या काळ्या भाविकांना जागेवरून उठविण्यात आले, तेव्हा ते एकत्रितपणे बाहेर पडले. त्यांच्यापैकी रिचर्ड अॅलन हा स्वतः गुलामीत जन्मलेला आणि पैसे भरून मुक्त झालेला. त्याने १७९४ साली बेथेल चर्च उभारले आणि १८१६ साली काळ्या मेथडिस्टांचा स्वतंत्र संप्रदाय स्थापिला. फ्रेडरिक डग्लस याने तर १८४५ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे की, धर्मसभेत धर्मनिष्ठ झालेला त्याचा धनी त्यानंतर अधिकच क्रूर झाला. ख्रिस्ताचा धर्म निराळा आणि गुलाममालकांचा धर्म निराळा, असा भेद तो परिशिष्टात स्पष्टपणे करतो. या प्रश्नावरील सर्वांत नेमके विश्लेषण आम्हाला तेथेच आढळते.

१८६५ साली कायद्याने गुलामगिरी संपली. दुभंगलेले मेथडिस्ट १९३९ साली पुन्हा एक झाले. परंतु त्या ऐक्यात काळ्या मंडळ्यांसाठी वर्णाच्या आधारावर स्वतंत्र विभाग निर्माण करण्यात आला आणि तो १९६८ साली रद्द झाला. दक्षिणेतील बॅप्टिस्ट संघटनेने गुलामगिरीचे समर्थन केल्याबद्दल ठराव करून क्षमा मागितली, ती १९९५ साली, स्थापनेनंतर १५० वर्षांनी.