नोट्सच्या इतिहासाची साफसफाई

सकाळी ९.३०. हिंजवडीत पोचल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड बिल्डच्या लॉगमधून गिटच्या नोट्समध्ये उतरला होता. रेपो साफ करणं नंतरचं. इतिहास कितीही घासून पुसला, तरी मधल्या काळात पासवर्ड कुणी पाहिलाच नसेल याची हमी कोण देणार? त्यामुळे आधी पासवर्ड रद्द, मग बाकीचं. या क्रमावर मी वाद घालत नाही.

१०.००. स्टँडअप. टीममधली ज्युनिअर जरा खट्टू होती. “सर, ती नोट तर मी शुक्रवारीच रिमूव्ह केली होती.”

“केलीस ना, बरोबरच केलीस. ये, दाखवतो काय होतं ते.”

गिटमध्ये कमिट एकदा झाला की त्यातलं अक्षरही बदलता येत नाही, बदललं की त्याचा हॅश बदलतो. नोट्सची सोय त्यासाठीच आहे: कमिटला हात न लावता त्याला टिपण जोडायचं. आमचा बिल्डचा बॉट प्रत्येक कमिटला ‘पास’, ‘फेल’ आणि लॉगचा तुकडा असा जोडत असतो. पण ही टिपणं ठेवायला गिट वेगळं काही वापरत नाही. ‘रेफ्स/नोट्स/कमिट्स’ नावाचा एक रेफ असतो, आणि नोट लिहा, बदला किंवा काढा, त्या रेफवर दरवेळी एक नवा कमिट पडतो. त्याच रेफचा लॉग फरकासकट उघडून दाखवला. शुक्रवारचा कमिट वरच होता आणि त्यात लाल अक्षरांत, पुढे वजाचं चिन्ह लावून, अख्खा पासवर्ड. काढून टाकल्याची नोंद करतानाच गिटने तो पुन्हा एकदा वाचायला दिला होता.

ती म्हणाली, “मग प्रून?” हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. नोट्सचं प्रून फक्त ज्यांचा मूळ कमिटच रेपोत उरलेला नाही अशा नोट्स काढतं. इतिहासाला ते हात लावत नाही.

११.१५. बॉट बंद केला. तो चालू ठेवून हे काम करायचं म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण. त्याची स्क्रिप्ट पुश अडला की सर्व्हरवरच्या नोट्स आणून आपल्याकडच्या नोट्समध्ये मर्ज करते आणि पुन्हा पुश करते. आपण इतिहास कापला आणि मर्जच्या वाटेने तो परत आला, तर दिवस फुकट.

दुपारी १२.००. मिरर क्लोन काढला आणि आत्ताच्या नोट्समध्ये तोच पासवर्ड आणखी कुठे आहे का ते शोधलं. दोन जुन्या फेल बिल्डच्या नोट्समध्ये होता. त्या रीतसर काढल्या. हे तपासल्याशिवाय पुढे गेलो असतो, तर स्वच्छ इतिहासात घाण तशीच राहिली असती.

जेवणाच्या टेबलावर एकाने सुचवलं, “फिल्टर-रेपो चालवून टाका ना सगळ्यावर.” नको. नोट कमिटच्या हॅशच्या नावानेच ठेवलेली असते. सगळ्या रेपोवर ते चालवताना मुख्य ब्रँचचे हॅश बदलले, तर नोट्स जुन्या हॅशनाच चिकटून राहतील आणि सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागेल ते वेगळंच. नोट्सचा रेफ मुख्य इतिहासापासून सुटा आहे. त्याचा फायदा घ्यायचा, एवढंच.

२.१५. मुख्य काम, आणि ते अगदी थोडं. नोट्सच्या रेफवरचा आत्ताचा ट्री घ्यायचा, ‘कमिट-ट्री’ने त्यावरून पालक नसलेला एकच नवा कमिट बनवायचा आणि ‘अपडेट-रेफ’ने रेफ त्याच्याकडे वळवायचा. आधीच्या आणि नंतरच्या ट्रीचे हॅश एकाखाली एक ठेवून चाळीसही अक्षरं जुळवली. म्हणजे आजच्या सगळ्या नोट्स जशाच्या तशा, मागची वाट तेवढी गेली.

त्या इतिहासाचं मला तसंही कौतुक नव्हतं. नोट्स वाढल्या की गिट त्यांना हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांनुसार २५६ कप्प्यांत वाटतं. मग ‘पास’ एवढा एक शब्द लिहायचा तरी वरची यादी नव्याने लिहिली जाते. एका नोंदीचे २९ बाइट, म्हणजे दाबण्याआधी सुमारे सात किलोबाइट. पॅक होताना त्यातलं बरंच आटतं, हे खरं. पण बिल्ड मंगळवारी फेल आणि बुधवारी पास झाला, हे वर्षानुवर्षं जपून कुणाचं भलं होणार आहे?

३.३०. सर्व्हर आमचाच. इतिहास मागे नेणारा पुश तिथे अडवलेला असतो, तो अडसर काही मिनिटांपुरता काढून फक्त नोट्सचा रेफ फोर्स पुश केला आणि अडसर परत लावला. सर्व्हरवरच्या बेअर रेपोत रिफ्लॉग मुळात बंद असतो, तरी तपासला. मग ‘जीसी’ चालवलं, प्रूनची मुदत ‘आत्ता’ देऊन. ती दिली नाही तर गिट निराधार ऑब्जेक्ट दोन आठवडे सांभाळतं. शेवटी जुन्या नोटचा हॅश देऊन ‘कॅट-फाइल’ला विचारलं. उत्तर ‘फेटल’. एरवी हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो, आज हायसं वाटलं.

४.४५. टीमला निरोप. साध्या क्लोनमध्ये नोट्स येतच नाहीत, त्यामुळे बहुतेकांना काही करायचं नव्हतं. ज्यांनी मुद्दाम आणल्या होत्या त्यांच्या जागेवर जाऊन जबरीने फेच करायला लावलं, मग रिफ्लॉग रिकामा, मग जीसी. लॅपटॉपवर नोट्सच्या रेफचाही रिफ्लॉग राहतो आणि तो विसरला तर जुनं सगळं तिथून बाहेर निघतं. “जुन्या नोट्स मर्ज करू नका” ही ओळ निरोपात ठळक केली.

६.००. ज्युनिअरने बॉटच्या स्क्रिप्टमध्ये लॉगमधली गुपितं झाकणारी चाळणी बसवली, बॉट सुरू केला. नव्या इतिहासावर दुसरा कमिट पडला.

६.३०. सर्व्हरच्या डिस्कचा रोज रात्री बॅकअप होतो आणि तो दुसऱ्या विभागाकडे आहे. त्यांना तिकीट टाकलं. जुन्या प्रती किती दिवस ठेवता, हा एकच प्रश्न. उत्तर उद्या येईल, तोवर पासवर्ड बदललेला आहे.