बाजारातली शंभर रुपयांची हौस : काय घ्यावं, कुठल्या डबीला हात लावू नये

बाजारादिवशी दुपारी तीननंतर आमच्याकडच्या बाजारात दोन ठिकाणी बायकांची गर्दी असते. एक भज्याच्या गाड्याजवळ आणि दुसरी टिकल्या-पावडरवाल्याच्या पालाजवळ. भाजी, तेल, मीठ-मिरची घेऊन झालेली असते. पिशवीच्या कप्प्यात पन्नास-शंभर रुपये उरलेले असतात. त्यात टिकलीचं एक पाकीट, नेलपेंटची एक बाटली, पोरीला मेंदीचा कोन आणि जाता जाता कागदात बांधलेली भजी.

याला कुणी उधळपट्टी म्हणू नये. आपण माणसं पान, तंबाखू आणि चहावर तेवढेच पैसे एका दिवसात घालवतो आणि त्याचा हिशोब कुणी विचारत नाही. आठवडाभर उन्हात खुरपणी करणाऱ्या बाईनं स्वतःसाठी दहा रुपयांची टिकली घेतली तर ती तिच्या कष्टाची हौस आहे. हौस करावीच. पण त्याच पालावर सगळ्या डब्या एका रांगेत मांडलेल्या असतात. त्यातली कुठली नुसती हौसेची आणि कुठली दवाखान्यात नेणारी, हे लांबून कळत नाही. म्हणून हा लेख.

आमच्याच घरात घडलेली गोष्ट

गेल्या वर्षी माझ्या पुतणीला बघायला पाहुणे येणार होते. पोरगी सावळी. घरात कुणीतरी बोलून गेलं, "जरा उजळ असती तर बरं झालं असतं." ते तिनं मनावर घेतलं. मैत्रिणीनं एका क्रीमचं नाव सांगितलं. क्रीमसाठी पैसे मीच दिले, हे आधी कबूल करतो. डबीवर परक्या लिपीतली अक्षरं होती. बनवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही.

आठ-दहा दिवसांत चेहरा उजळला. घरात सगळे खूश. तीन महिन्यांनी गालावर लाली आली, बारीक पुरळ उठलं. क्रीम बंद केलं तर दोन दिवसांत जास्तच भडकलं. एका सकाळी ती मला म्हणाली, "काका, चुलीपुढं बसले की तोंड पेटल्यागत होतंय." तालुक्याच्या ठिकाणी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डबी आणली का?" डबी बघून आणि चेहरा बघून ते म्हणाले की यात स्टिरॉइड असणार, असे पेशंट त्यांच्याकडे रोज येतात. चेहरा मूळ रंगावर यायला पाच-सहा महिने गेले. मूळ रंग म्हणजे तोच सावळा, जो आधीपासून चांगलाच होता.

झटपट गोरं करणाऱ्या डबीत काय असतं?

अशा क्रीममध्ये मुख्यतः दोन गोष्टींची भीती असते.

पहिली म्हणजे स्टिरॉइड. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल ही त्यातली नावं. ही औषधं वाईट नाहीत. इसबासारख्या आजारात डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. पण रोज पावडरसारखी तोंडाला लावली की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, बायकांच्या चेहऱ्यावर केस वाढतात. सोडलं की चेहरा भडकतो म्हणून बाई परत लावते, आणि सवय लागते. केंद्र सरकारनं 2018 मध्ये त्वचेवर लावायची अशी अनेक स्टिरॉइड औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात. गजकर्णावर "हे लावा, लगेच थांबतंय" म्हणून दिली जाणारी बरीच मलमं याच जातीची असतात. खाज थांबते, पण गजकर्ण आत पसरत राहतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पारा. कातडीला रंग देणारा घटक तयार होण्याचं काम पारा अडवतो, म्हणून चेहरा पांढरट दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. हे लांबच्या देशातलं नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 पेशंट तपासले. त्यातल्या 15 जणांमध्ये एकाच प्रकारचा बिघाड सापडला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरं होण्याचं क्रीम वापरल्याचं सांगितलं. बहुतेकांचा त्रास क्रीम बंद केल्यावर कमी होत गेला. म्हणजे वेळेत कळलं तर माणूस वाचतो. पायावर, डोळ्यांखाली सूज आणि लघवीला फेस ही लक्षणं दिसली आणि घरात असं क्रीम असेल, तर डॉक्टरांना क्रीमबद्दल सांगायला लाजू नका. डबी सोबत न्या.

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनं नियम 2020 लागू आहेत. त्यानुसार क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेला अंशसुद्धा दहा लाखात एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांची मर्यादा वेगळी, दहा लाखात 70 भाग. नियम कडक आहे. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नावच नाही, तिला नियम लावायचा कुणी आणि कसा?

टिकली, कुंकू, शेंदूर

कपाळावर टिकली लावायच्या जागी पांढरा डाग पडलेल्या बायका प्रत्येक गावात असतात. लोक त्याला कोड समजतात, बाईला टोमणे बसतात. बऱ्याचदा तो टिकलीच्या गोंदाचा परिणाम असतो. काही स्वस्त गोंदांत असलेलं एक रसायन कातडीचा रंग घालवतं. टिकलीच्या जागी खाज सुटली, लाल झालं तर तो पहिला इशारा. तेव्हाच टिकली बंद करायची. रोज लावणाऱ्यांनी रात्री झोपताना ती काढून आरशाला चिकटवायची आपली जुनी सवय आहे, ती चांगली आहे.

पूर्वी आमची आजी कपाळाला मेण लावून वर कुंकू रेखायची. पंढरपूरचं कुंकू आपल्या जिल्ह्याची ओळखच आहे. खरं कुंकू हळदीपासून होतं. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. हळदीतून लाल रंग निघतो तो असा. बाजारात मात्र नुसता रंग घातलेली पावडरही कुंकू म्हणून मिळते. घेताना चिमूटभर बोटावर चोळा. पाण्यानं धुतल्यावरही बोट दिवसभर गुलाबी राहिलं, तर ते कपाळाला नको.

शेंदूर ही वेगळी वस्तू. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. तो मारुतीला, म्हसोबाला राहू द्या. माणसाच्या कपाळाला आणि बाळाच्या अंगाला लावू नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. तसंच बाळाच्या डोळ्यात काजळ किंवा सुरमा घालू नये. दृष्ट लागायची भीती वाटत असेल तर तीट तळपायाला लावा, काम तेच होतंय.

दहा मिनिटांत काळी होणारी मेंदी

मेंदीचा पाला वाटून लावला तर रंग आधी नारिंगी येतो आणि दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी होतो. त्याला तास-दोन तास बसावंच लागतं. जो कोन दहा मिनिटांत काळाकुट्ट रंग देतो, त्यात नुसती मेंदी नाही. त्यात केस काळे करायच्या डायमधलं रसायन मिसळलेलं असू शकतं. त्यानं हातावर फोड येतात, काहींना नक्षीच्या आकाराचे डाग महिनोन्महिने राहतात. लग्नसराईत लहान पोरींच्या हातावर हे जास्त दिसतं.

केसांच्या काळ्या पावडरचंही तेच. आधी कानामागं किंवा कोपराच्या आत थोडी लावून दोन दिवस थांबा. खाज, सूज आली नाही तरच डोक्याला लावा. हे पाकिटावर लिहिलेलं असतं, पण वाचत कुणी नाही.

मग स्वस्तात चांगलं काय?

भरपूर आहे, आणि बरंचसं घरातच आहे.

पायाच्या भेगा हे रानात राबणाऱ्या बायकांचं खरं दुखणं. रात्री कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं बुडवा, वज्रीनं हलक्या हातानं घासा, पुसून खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा आणि जुने मोजे घाला. आठवड्यात फरक कळतो. ओठांनाही तीच जेली चालते.

चेहऱ्याला डाळीचं पीठ आणि दूध लावलं तर चेहरा स्वच्छ होतो, मऊ होतो. गोरा होत नाही, तशी अपेक्षाही करू नका. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, कातडी भाजून काळे डाग पडतात. उन्हापासून चेहरा राखायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे डोक्यावरून तोंडापर्यंत घट्ट बांधलेला सुती रुमाल. आपल्या बायका तो पिढ्यान्‌पिढ्या बांधत आल्यात.

लिपस्टिक, नेलपेंट, पावडर घ्यायची असेल तर नाव-पत्ता असलेल्या कंपनीची लहान वस्तू घ्या. मोठ्या नावांचीही दहा-वीस रुपयांची पाकिटं मिळतात. लिपस्टिक आणि काजळ एकमेकींत वाटून वापरू नये, डोळे आणि ओठांचा संसर्ग त्यातून पसरतो.

आणि कागदातली भजी?

खाण्याच्या हौशीलाही तोच नियम. गरम भजी वर्तमानपत्रात बांधली की शाई तेलात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2023 मध्ये विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना हे बंद करायला सांगितलं आहे. बातमीदार म्हणून सांगतो, आमची बातमी वाचायला आहे, खायला नाही. घरून स्टीलचा डबा न्या. गाडेवाला हसेल, पण भजी त्यात टाकून देईल.

जत्रेतल्या भडक गुलाबी बुढ्ढी के बालमध्ये कापडाला वापरायचा रंग सापडला म्हणून तमिळनाडू सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. जिलेबी डोळ्यांत भरेल इतकी केशरी असेल तर फिकट जिलेबीवाल्याकडे जा. खरं तर आपल्याकडं रंग न घातलेली चैन कमी नाही. थंडीत मंगळवेढ्याच्या बाजूचा ज्वारीचा हुरडा, सोबत शेंगाची चटणी आणि गुळाचा खडा. भाजलेल्या शेंगा. कडक भाकरीवर कांदा-तेल-चटणी. यापुढं फोटोतलं खाणं फिकं आहे.

डबी हातात घेतल्यावर एवढं बघा

1. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता आहे का?
2. बॅच नंबर आणि उत्पादन परवान्याचा नंबर आहे का?
3. कधीपर्यंत वापरायचं, ती तारीख आहे का?
4. घटकांची यादी आहे का? त्यात मर्क्युरी, कॅलोमेल किंवा वर सांगितलेली स्टिरॉइडची नावं नाहीत ना?
5. परदेशी माल असेल तर भारतात आणणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का?

बारीक अक्षर वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला लावा, किंवा मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघा. यातलं काहीच नसेल तर डबी परत ठेवा. त्रास झाला तर डबी फेकू नका, शक्य असेल तर पावती जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करा. खाण्याची आणि सौंदर्यप्रसाधनांची, दोन्हीची तक्रार तिथंच होते. सध्या असं क्रीम लावत असाल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारून मगच बंद करा, म्हणजे चेहरा भडकल्यावर घाबरून परत त्याच डबीकडं जाणं होणार नाही.

लक्षात ठेवायला सोपं सांगायचं तर तीन गोष्टी : फार झटपट, फार भडक आणि नाव-गाव नसलेलं. तीनपैकी एक जरी दिसलं तरी पैसे खिशात ठेवायचे.

पुतणीचं लग्न मार्गशीर्षात झालं. पाहुणे आले तेव्हा तिनं तोंडाला काही लावलं नव्हतं, कपाळाला फक्त पंढरपूरचं कुंकू होतं. मुलाकडच्यांनी रंगाचा विषयच काढला नाही. विषय काढला होता तो आम्हीच, आमच्याच घरात. बाजारातली डबी बघून घ्यायला हवीच. पण पोरीसमोर आपण काय बोलतो, तेही एकदा बघायला हवं.