मृदुप्रभा, छायाचित्रातील

मृदुप्रभा, छायाचित्रातील : छायाचित्रातील उजळ भागांतून प्रकाश आजूबाजूला पाझरल्यासारखा दिसावा, परंतु वस्तूंच्या कडा मात्र ओळखता याव्यात, अशा रीतीने साधलेला स्वप्नवत परिणाम. पूर्वी तो भिंग, जाळी किंवा फिल्म यांच्या साहाय्याने साधत. आता तो बहुधा छायाचित्र टिपून झाल्यावर संगणकावर निर्माण करतात. मृदुप्रभा आणि अस्पष्टता या दोन भिन्न गोष्टी आहेत. केंद्रीकरण चुकलेल्या चित्रात प्रत्येक बिंदूचा सर्व प्रकाश एका चकतीभर पसरतो व मूळ बिंदू नाहीसा होतो. मृदुप्रभेत बिंदूचा बराचसा प्रकाश जागच्या जागी राहतो आणि थोडाच भोवती विखुरतो. म्हणजे एक रेखीव व एक धूसर अशा दोन प्रतिमा येथे एकत्र आलेल्या असतात. नवशिक्यांची बहुतेक चित्रे बिघडतात ती रेखीव प्रतिमेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

कोलकात्यात जन्मलेल्या ज्यूल्या मार्गारेट कॅमेरॉन (१८१५–७९) यांनी १८६३ नंतर काढलेल्या व्यक्तिचित्रांतील मृदुता तत्कालीन टीकाकारांना सदोष वाटली होती. पुढे चित्रसदृश छायाचित्रणाच्या पुरस्कर्त्यांनी तीच गुण म्हणून स्वीकारली. भिंगाच्या कडेकडील व मध्यावरील किरण एकाच ठिकाणी एकत्र येत नाहीत, या दोषास गोलीय विपथन म्हणतात. तो मुद्दाम राखून मृदू भिंगे बनविण्यात आली. ऑस्ट्रियातील हाइन्‍रिख क्यून यांच्या प्रयत्नांतून १९३० च्या सुमारास निघालेले रोडेनश्टॉक कंपनीचे ‘इमागोन’ हे यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. त्याच्या छिद्रपटलातील मधल्या मोठ्या छिद्रातून रेखीव, तर भोवतालच्या लहान छिद्रांतून मृदू प्रतिमा मिळे. चित्रपटसृष्टीत भिंगासमोर तलम जाळी ताणून बसविण्याची किंवा काचेला व्हॅसलीन फासण्याची युक्ती रूढ होती.

संगणकीय कृतीचा थेट पूर्वज मात्र फिल्मचाच आहे. कॅनडातील छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी १९८० च्या दशकात एकाच दृश्याच्या दोन पारदर्शिका, एक रेखीव व एक केंद्रीकरण ढळवलेली, एकावर एक ठेवून नवी प्रतिमा मिळविली. निम्मा प्रकाश जाऊ देणाऱ्या दोन पारदर्शिका एकत्र ठेवल्यास एकचतुर्थांशच प्रकाश पार होतो, म्हणून दोन्हींना नेहमीपेक्षा अधिक उद्‍भासन द्यावे लागे. काटेकोरपणे पाहता ही प्रकाशाची बेरीज नसून गुणाकार आहे. त्यामुळे ऑर्टन पद्धतीत उजेडाप्रमाणे सावल्याही पसरतात आणि रंग गडद होतात.

फोटोशॉप ही आज्ञावली १९९० मध्ये बाजारात आली आणि १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत तिच्यात थरांची सोय झाली. १९९६ मध्ये गिंप ही मुक्त आज्ञावली उपलब्ध झाली. मूळ चित्राचा दुसरा थर करावयाचा, त्यावर ‘गॉसियन ब्लर’ ही क्रिया करावयाची आणि तो थर मूळ चित्रात मिसळावयाचा, एवढीच कृती असते. या क्रियेत प्रत्येक चित्रकणास शेजारच्या कणांची भारित सरासरी मिळते. अंतर वाढेल तसा भार गाउस यांच्या घंटाकृती वक्राप्रमाणे कमी होतो. मिश्रणाची ‘स्क्रीन’ पद्धती चित्र उजळविते, तर ‘मल्टिप्लाय’ पद्धती ऑर्टन यांच्या जोडपारदर्शिकांप्रमाणे गुणाकार करते. धूसरतेची त्रिज्या चित्राच्या आकारमानाशी जोडूनच ठरवावी लागते. ६,००० चित्रकण रुंदीच्या चित्रातील २० कणांची त्रिज्या ही १,५०० कण रुंदीच्या चित्रातील ५ कणांएवढीच होय. वरच्या थराची अपारदर्शकता २० ते ३० टक्क्यांपुढे नेण्याचा मोह बहुतेकांना आवरत नाही. तो आवरलेला बरा.

ही कृती कोठे शोभते व कोठे घातक ठरते, हे पाहण्यास पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके सोयीचे आहेत. कारण तेथे पावसाळ्यात निसर्गच मृदुप्रभा निर्माण करतो. सूर्यमाळचे पठार किंवा दाभोसा धबधब्याची दरी धुक्याने भरते, तेव्हा हवेतील सूक्ष्म जलबिंदू सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात; म्हणून धुके पांढरे दिसते. परंतु हे धुके अंतर जाणते. जर्मन शास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये मांडल्याप्रमाणे वस्तूचा पार्श्वभूमीशी असलेला तेजोभेद अंतरानुसार घातांकी रीतीने घटतो : २०० मीटरवर तो निम्मा झाला, तर ४०० मीटरवर एकचतुर्थांश उरतो. संगणकास अंतर आपोआप कळत नाही. समोरची नाचणीची खाचरे आणि पलीकडचा डोंगर यांना तो एकच लेप देतो, आणि असे चित्र धुक्याचे न वाटता मळलेल्या काचेतून पाहिल्यासारखे वाटते. यावर उपाय म्हणजे थराला उतरते आच्छादन देऊन जवळचा भाग जवळजवळ मोकळा ठेवणे. तसेच धुक्यातील सौम्य छटांतर प्रतिरंगी २५६ पायऱ्यांत बसविल्यास त्यात पट्टे उमटतात. ते टाळण्यासाठी १६ बिटांत काम करावे.

बोहाड्याचा प्रश्न वेगळा आहे. या तालुक्यांतील गावोगावच्या या उत्सवात देवादिकांचे मुखवटे धारण केलेली सोंगे रात्री वाद्यांच्या तालावर नाचत येतात. पूर्वापार ती टेंभ्यांच्या उजेडात पाहिली जात. जुन्या फिल्मवर ज्योतीभोवती वलय उमटे, कारण फिल्ममधून आरपार गेलेला प्रकाश तिच्या मागील पृष्ठावरून परतून येई. अंकीय चित्रात ते वलय आणू पाहणाऱ्यास एक अडचण येते. संगणकातील ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतात. १२८ हा आकडा पूर्ण तेजाच्या निम्म्याचा नव्हे, तर सु. २२ टक्क्यांचाच निदर्शक असतो. या आकड्यांवरच धूसरता लादली, तर ज्योतीचे वलय फिके व निस्तेज येते. आकडे आधी प्रकाशाच्या सम प्रमाणात आणून मग धूसरता दिली असता वलय खऱ्यासारखे उमटते.

वारली चित्रांच्या छायाचित्रांवर मात्र ही कृती करूच नये. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा, हेच या चित्राचे सर्वस्व. रेघेचे तेज ०·९ व गेरूचे ०·३ धरू. भेद ०·६ आहे. रेघेजवळ धूसर थराचे मूल्य ०·५ असल्यास ‘स्क्रीन’ पद्धतीने रेघ ०·९५, तर लगतचा गेरू ०·६५ होतो. भेद निम्म्यावर येतो आणि तारप्याभोवती फेर धरलेल्या नर्तकांचे बारीक हातपाय पार्श्वभूमीत विरू लागतात. बोहाड्याच्या मुखवट्यांवरील रंगकामालाही हेच लागू आहे. ही छायाचित्रे पुढे अभ्यासकांना साधन म्हणून लागतात.

माणसांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी येथील कुपोषणग्रस्त बालकांच्या मृत्यूंमुळे जव्हार तालुका देशभर चर्चेत आला. अशा प्रदेशातील आईचा किंवा मुलाचा चेहरा टिपताना मृदुप्रभा नेमके काय पुसते, हे ठाऊक असावे : गालाच्या हाडाखालची सावली, त्वचेचा कोरडेपणा, फाटक्या वस्त्राचा पोत. लग्नाच्या संग्रहातील वधूच्या चेहऱ्यावर हे पुसणे इष्टच असते. प्रस्तुत लेखकाच्या मते वृत्तचित्रात आणि मानवशास्त्रीय नोंदीत ते अक्षम्य आहे, मग चित्र कितीही मनोहर होवो.

एकदा थर एकत्र करून चित्र जतन केले, की मूळ प्रतिमा पूर्णपणे परत मिळविता येत नाही. ज्या ठिकाणी मूल्य २५५ ला टेकले, तेथील मूळचे भेद नष्ट झालेले असतात, आणि पूर्णांकांत मोडताना गळलेले अंशही परत येत नाहीत. म्हणून कॅमेऱ्यातील असंस्कारित फाइल व थर राखलेली प्रत या दोन्ही वेगळ्या ठेवतात आणि संग्रहासाठी दिलेल्या चित्राखाली मृदुप्रभा कोणत्या भागात, किती प्रमाणात दिली, हे नोंदवितात.