वखारींची संख्यानिश्चिती

मालाची साठवण व ग्राहकांच्या मागण्यांची पूर्तता एकाच वखारीतून करावयाची की निरनिराळ्या ठिकाणच्या अनेक वखारींतून, हे ठरविण्याच्या प्रक्रियेस ‘वखारींची संख्यानिश्चिती’ म्हणतात. वखार वाढविली म्हणजे माल ग्राहकाच्या जवळ जातो; पण त्याचबरोबर भाडे, नोकरवर्ग, हिशेब व साठ्यात अडकणारे भांडवल हेही वाढते. मोठ्या उद्योगास या निर्णयातील चूक काही काळ सोसता येते. मध्यम व लहान व्यापाऱ्याचे खेळते भांडवल मात्र दुसऱ्या वखारीत गुंतून पडल्यास मूळ व्यवसायच अडचणीत येऊ शकतो. [→ वखार व्यवस्था].

पार्श्वभूमी : ‘वखार’ हा शब्द मराठीत जुना असून यूरोपीय कंपन्यांच्या व्यापारी ठाण्यांसही तो लावला जाई. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी कापड खरेदीसाठी खानदेशातील धरणगाव (जि. जळगाव) येथे वखार ठेविली होती. माल जेथे तयार होतो तेथे स्वतःचे ठाणे असल्याचा लाभ तिच्यामुळे मिळाला. परंतु मराठ्यांच्या स्वाऱ्यांत ती लुटली गेल्याने दूरच्या ठाण्यातील मालाची जोखीमही प्रत्ययास आली. स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ च्या अधिनियमानुसार १९५७ मध्ये केंद्रीय व राज्य वखार महामंडळे स्थापन होऊ लागली. १९६२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र अधिनियम संमत झाला. भाड्याने जागा देणाऱ्या अशा सार्वजनिक वखारींमुळे स्वतःची इमारत न बांधताही दुसऱ्या गावी साठा ठेवणे शक्य झाले.

खानदेशातील स्थिती : जळगाव हे मुंबई–भुसावळ व सुरत–भुसावळ या लोहमार्गांवरील प्रस्थानक असून डाळ गिरण्या, प्लॅस्टिक नळ व चटया यांचे उत्पादन यांसाठी प्रसिद्ध आहे. धुळे हे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या महामार्गांच्या छेदावर वसले असून तेथून सोलापूरकडेही महामार्ग जातो. लोहमार्गाच्या दृष्टीने मात्र ते चाळीसगावहून निघणाऱ्या शाखेच्या टोकाशी आहे. दोन्ही शहरांत सुमारे ९० किमी. अंतर आहे. त्यामुळे जळगावच्या व्यापाऱ्याने शिरपूर, शहादे, नंदुरबार या भागासाठी धुळ्यास दुसरी वखार काढावी काय, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

मालाचे स्वरूप : कोणत्या मालाची वखार कोठे असावी हे प्रथमतः मालाच्या गुणधर्मांवरून ठरते. सरकी असलेल्या कापसातून वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश एवढीच रुई मिळते व तो जागाही फार व्यापतो. म्हणून कापसाचे संकलन व सरकी काढणे उत्पादनक्षेत्राजवळ अनेक ठिकाणी करणे आणि १७० किग्रॅ.च्या दाबलेल्या गाठी मोजक्या वखारींत एकत्र ठेवणे सोयीचे ठरते. महाराष्ट्रात १९७२ पासून राबविण्यात आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेतही संकलन केंद्रे अशीच विखुरलेली होती. कापूस ज्वालाग्राही असल्याने एकाच आवारात सर्व साठा ठेवणे धोक्याचे असते, हेही एक कारण.

केळीची गोष्ट याच्या उलट आहे. रावेर, यावल भागातील केळी हिरवी असतानाच काढून दूरवर पाठविली जातात. हिरवे फळ सुमारे १३° ते १४° से. तापमानात प्रवास सोसते, पिकलेले सोसत नाही. त्यामुळे पिकवणगृहे विक्रीच्या शहराजवळ असणे इष्ट असते. डाळी टिकाऊ, वजनदार व सर्वत्र खपणाऱ्या असल्याने त्यांच्या बाबतीत निर्णय मुख्यतः वाहतूकखर्चावर अवलंबून राहतो.

खर्चाचे घटक : वखारींची संख्या वाढविल्यास ग्राहकापर्यंतच्या किरकोळ वाहतुकीचा खर्च घटतो, कारण लांबचा टप्पा भरलेल्या ट्रकने पार पडतो. उलट मुख्य वखारीकडून दुय्यम वखारीकडे माल नेण्याचा खर्च नव्याने उद्‌भवतो. चढ-उतार एकदा जास्त होते. भाडे, विमा, वीज व वेतन यांचा स्थिर खर्च दुप्पट होऊ पाहतो.

सर्वांत दुर्लक्षिला जाणारा घटक म्हणजे राखीव साठा. मागणीतील अनपेक्षित चढ-उतारांसाठी ठेवावयाचा साठा एकत्र असल्यास एका भागातील वाढीची भरपाई दुसऱ्या भागातील घटीने होते; विभागल्यास ही सोय जाते. दोन भागांतील मागणी सारखी व परस्परांपासून स्वतंत्र असल्यास राखीव साठा वखारसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे एका वखारीत ४०० पोती राखीव लागत असतील, तर दोन वखारींत मिळून सुमारे ५६६ पोती लागतात. असे असूनही एका वखारीत मालाची टंचाई व दुसरीत तोच माल पडून, असा प्रसंग येऊ शकतो.

उदाहरण : एका काल्पनिक व्यापाऱ्याकडे धुळे–नंदुरबार भागातून दरमहा १,२०० मागण्या येतात असे मानू. प्रत्येक मागणी जळगावहून पाठविण्यास ६० रु., धुळ्याहून ३५ रु. आणि माल एकत्रितपणे धुळ्यास नेण्यास दर मागणीमागे ८ रु. खर्च येतो. म्हणजे मागणीमागे १७ रु. व महिन्यास २०,४०० रु. वाचतात. धुळ्यातील जागेचे भाडे १२,००० रु., वेतन १४,००० रु., विमा व वीज ३,००० रु. आणि दीड लाख रुपयांच्या वाढीव साठ्यावर द. सा. द. शे. १२ दराने मासिक व्याज १,५०० रु. धरल्यास एकूण बोजा ३०,५०० रु. होतो. अर्थात महिन्यास १०,१०० रु. तोटा येतो. मागण्या सुमारे १,७९५ पर्यंत वाढल्यावरच खर्च भरून निघतो.

याउलट तेथेच दुसऱ्याच्या वखारीत, साठवण व हाताळणीसह मागणीमागे १० रु. दराने जागा मिळाल्यास मागणीमागे ७ रु. उरतात. त्यांतून व्याज वजा जाता १,२०० मागण्यांवरही ६,९०० रु. लाभ होतो. स्थिर खर्चाचे रूपांतर वापरानुसार बदलणाऱ्या खर्चात झाले की निर्णयाचे स्वरूपच पालटते, हे यावरून दिसते. माल उशिरा पोहोचल्यामुळे हातची गिऱ्हाइके जात असतील, तर त्या नुकसानीचा अंदाजही या हिशेबात धरावा लागतो.

करांचा प्रभाव : भारतात वखारींची संख्या दीर्घकाळ करांवरून ठरत असे. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर अधिनियमानुसार आंतरराज्य विक्रीवर कर पडे, मात्र दुसऱ्या राज्यातील स्वतःच्या आगारात माल हलविणे ही विक्री मानली जात नसे. म्हणून मोठ्या कंपन्या प्रत्येक राज्यात आगार ठेवीत. जकातीच्या हद्दीबाहेर असल्याचा फायदा भिवंडीसारख्या ठिकाणांना मिळाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हे कारण उरले नाही आणि अनेक लहान आगारांऐवजी मोजक्या मोठ्या वखारी ठेवण्याकडे कल वाढला. जळगाव व धुळे एकाच राज्यात असल्याने एकाच नोंदणीत दुसरी वखार व्यवसायाचे अतिरिक्त स्थान म्हणून दाखविता येते. सुरत किंवा इंदूर येथे वखार काढल्यास मात्र त्या राज्यात स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

निर्णयाची पद्धत : प्रथम वर्षभराच्या मागण्यांची गाववार व मालवार नोंद तपासतात. नंतर जलद खपणारा व मंद खपणारा माल वेगळा काढतात. जलद खपणारा तेवढाच दुय्यम वखारीत ठेवून उरलेला मध्यवर्ती वखारीत राखल्यास भांडवल कमी अडकते. त्यानंतर भाड्याच्या जागेत एक हंगाम प्रयोग करून प्रत्यक्ष खर्च पडताळून पाहणे श्रेयस्कर असते. दोन्ही ठिकाणच्या साठ्याची नोंद रोजच्या रोज जुळत नसेल, तर अंतर कमी होऊनही सेवा सुधारत नाही.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. वखार (विकास व विनियमन) अधिनियम, २००७ नुसार नोंदणीकृत वखारीची परक्राम्य पावती तारण ठेवून कर्ज मिळू शकते. वखार गावापासून दूर असल्यास लहान शेतकऱ्यास ही सोय परवडत नाही व सुगीच्या मंदीतच माल विकावा लागतो. त्यामुळे व्यापाऱ्याच्या हिशेबात अनावश्यक ठरणारी वखार सार्वजनिक दृष्ट्या आवश्यक असू शकते. खाजगी व सार्वजनिक वखारींची संख्या एकाच निकषावर ठरविता येत नाही, याचे कारण हेच होय.