पुरेसा पगार म्हणजे किती?

कामगाराला किती पैसे द्यायचे, हा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: सध्या चालू रेट काय आहे? धुणंभांडी, सोसायटीचा वॉचमन, खुरपणी, कंत्राटी सफाई, सगळीकडे हाच प्रश्न. चालू रेट सांगतो तो एवढंच, की आसपासचे लोक किती देतात. त्या पैशांत माणसाचं घर चालतं का, मुलं शाळेत टिकतात का, आजारपणात कर्ज काढावं लागतं का, यातलं काहीच तो सांगत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात पंचाहत्तर वर्षांपासून शोधलं जातंय आणि ते बरंच नेमकं आहे. लोकांपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही, आणि मधल्या जागेत काही समज पक्के बसले आहेत.

"सरकारने ठरवलेलं किमान वेतन दिलं, म्हणजे योग्य पगार दिला"

हा सगळ्यात मोठा गैरसमज. 1948 मध्ये किमान वेतन कायदा झाला आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने न्याय्य वेतन समितीही नेमली. या समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली किमान वेतन: माणूस नुसता जगावा एवढंच नव्हे, त्याची काम करण्याची ताकद टिकावी, थोडंफार शिक्षण आणि औषधपाणी व्हावं इतकं. सगळ्यात वर निर्वाह वेतन: अन्न, वस्त्र, निवारा, शिवाय मुलांचं शिक्षण, आजारपणापासून संरक्षण, सामाजिक गरजा आणि म्हातारपणाची तजवीज, साधेपणाने पण सन्मानाने. या दोन्हींच्या मध्ये न्याय्य वेतन. त्याची खालची मर्यादा किमान वेतनाची, वरची मर्यादा उद्योगाच्या ऐपतीची.

राज्यघटनेच्या 43व्या अनुच्छेदात राज्याने ज्याच्यासाठी झटायचं आहे, ते निर्वाह वेतन आहे. म्हणजे किमान वेतन ही तळाची पायरी. त्याखाली जाणं हा गुन्हा आहे, आणि तिथे पोचणं ही फक्त सुरुवात आहे. व्यवहारात उलट झालं. "आम्ही किमान वेतनाप्रमाणे देतो" हे वाक्य चांगल्या मालकाचं प्रमाणपत्र बनलं.

शिवाय हा तळसुद्धा बऱ्याचदा फार खाली असतो. केंद्राने सुचवलेला राष्ट्रीय तळदर 2017 मध्ये दिवसाला 176 रुपये होता. त्यानंतर डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने आहार आणि घरखर्चाचा हिशेब मांडून 2019 मध्ये दिवसाला 375 रुपये, म्हणजे महिन्याला 9,750 रुपये असावेत असं सांगितलं. हे 2018च्या भावांप्रमाणे, आणि शहरातल्या कामगाराला घरभाड्यासाठी सरासरी 1,430 रुपये वेगळे. त्याच वर्षी सरकारने तळदरात वाढ केली ती दोन रुपयांची. तो 178 झाला.

"मजुरांच्या गरजाच कमी असतात"

गरजा किती, हे अंदाजाने ठरवायची वेळ केव्हाच मागे पडली. 1957 मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांनी मिळून एक सूत्र मान्य केलं. कामगाराचं कुटुंब चार जणांचं धरायचं: कमावणारा, जोडीदार आणि दोन मुलं. खाण्याच्या हिशेबाने ही तीन एककं होतात. दर एककाला दिवसाला 2,700 उष्मांक मिळतील एवढं अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. पुढे 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात यात आणखी एक भाग जोडला. मुलांचं शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि करमणूक, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी वेतनाच्या 25 टक्के.

हे सूत्र प्रत्यक्षात चालवून पाहण्यासारखं आहे. केंद्राने नव्या वेतन संहितेखाली 2020 मध्ये जो नियमांचा मसुदा काढला, त्यात हीच पद्धत होती. घरभाडं मात्र अन्न आणि कपड्यांच्या खर्चाच्या 10 टक्के धरलं होतं. समजा, चौघांच्या कुटुंबाला अन्न आणि कपड्यांसाठी महिन्याला 10,000 रुपये लागतात. म्हणजे माणशी दिवसाला सुमारे 83 रुपये. त्यात चहा, दोन वेळचं जेवण, मुलांचं दूध आणि अंगावरचे कपडे सगळं आलं. कुणीही याला चैन म्हणणार नाही. त्यावर भाडं 1,000. हे 11,000 झाले. वेतनाचे 20 आणि 25 असे 45 टक्के बाकीच्या खर्चाला राखून ठेवायचे असल्यामुळे हे 11,000 म्हणजे वेतनाचे उरलेले 55 टक्के. म्हणून एकूण वेतन येतं 20,000 रुपये. त्यात 4,000 गॅस, वीज, प्रवास, मोबाइल अशा खर्चाला आणि 5,000 शिक्षण, दवाखाना, सण आणि म्हातारपणासाठी.

आता त्यातल्या भाड्याच्या आकड्याकडे पुन्हा बघा. एक हजार रुपये. मुंबई सोडाच, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथल्या वस्तीतली पत्र्याची एक खोलीसुद्धा एवढ्यात मिळत नाही. खोलीचे प्रत्यक्षात चार हजार जात असतील, तर वरचे तीन हजार कुठून तरी काढावे लागतात. ते निघतात मुलांच्या शिकवणीतून, टाळलेल्या रक्ततपासणीतून आणि घरातल्या बाईच्या ताटातून. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की 20,000 हा आकडासुद्धा मोठ्या शहरात निर्वाह वेतन ठरत नाही. तो किमान वेतनाचा प्रामाणिकपणे केलेला हिशेब आहे, इतकंच. आपल्या आसपास किती पूर्णवेळ कामगारांना एवढा पगार मिळतो, हे ज्याने त्याने मोजून पाहावं.

"परवडत नाही, आणि तो स्वतःच राजी आहे"

हे दोन युक्तिवाद जोडीने येतात आणि दोन्ही सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी फेटाळले आहेत. 1957 मध्ये क्राउन अॅल्युमिनियम प्रकरणात न्यायालयाने म्हटलं, की जो उद्योग कामगारांना किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्कच नाही. मालकाची ऐपत किमान वेतनाच्या वरच्या पगारासाठी बघतात, किमान वेतनासाठी बघत नाहीत.

राजीखुशीचं उत्तर 1982 मध्ये मिळालं. दिल्लीत एशियाड खेळांसाठी बांधकामं चालली होती आणि तिथल्या मजुरांच्या हातात ठरल्यापेक्षा कमी पैसे पडत होते. न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे घटनेच्या 23व्या अनुच्छेदाने बंदी घातलेली वेठबिगारी. भूक आणि गरिबीसुद्धा माणसावर सक्ती करते, असं या निकालाने मान्य केलं. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांबाबतही हेच तत्त्व लागू झालं. दुष्काळाची झळ बसलेल्या माणसाला मदत म्हणून दिलेलं कामसुद्धा कमी मजुरीत करून घेता येत नाही. महाराष्ट्रात ज्यांनी 1972च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामं पाहिली आहेत, त्यांना या निकालाचं मोल वेगळं सांगायला नको.

"रोज सहाशे मिळतात, म्हणजे महिन्याचे अठरा हजार झाले"

मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसाला रोज काम मिळत नाही. महिन्यात पंधरा दिवस भरले तर सहाशेचे नऊ हजार होतात. पावसाळ्यात त्याहून कमी. रोजंदारीचा आकडा ऐकून उत्पन्न ठरवणं ही हिशेबातली चूक आहे. सरकारी पद्धतीत महिन्याचं वेतन 26 दिवसांनी भागून रोजचा दर काढतात, कारण आठवड्याची सुट्टी पगारी धरलेली असते. ती सुट्टीही कुणी आपणहून दिली नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं केलेल्या लढ्यानंतर. आज नाक्यावरचा मजूर, घरकामगार आणि डिलिव्हरी करणारा मुलगा यांची सुट्टी पुन्हा बिनपगारी झाली आहे.

"बाईचा पगार म्हणजे घराला जोड"

1957च्या सूत्रात एक बारकावा आहे. कुटुंबाच्या गरजा एकाच कमाईतून भागल्या पाहिजेत. बायकोची किंवा मुलांची कमाई त्यात धरायची नाही. म्हणजे नवराबायको दोघं राबल्याशिवाय जे घर चालत नाही, तिथे दोघांपैकी एकालाही पुरेसं वेतन मिळत नाही. बाईची मजुरी "जोड" मानून कमी द्यायला कायद्यात जागा नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला. विधवा, टाकलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या कितीतरी बायकांच्या एकाच कमाईवर घर उभं असतं, हे तर वेगळंच.

ऊसतोडीत तर बाई हिशेबात स्वतंत्र दिसतही नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून कोयत्यामागे मिळते, ती टनावर फेडायची, आणि एखादा दिवस काम चुकलं तर खाडा पडून दंड लागतो. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या हातात तिच्या नावाचा रुपया क्वचितच पडतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण पाहून 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा पडू नये म्हणून बायका शरीराचा एक भाग काढून टाकायला तयार होत असतील, तर प्रश्न फक्त आरोग्य खात्याचा उरत नाही, तो मजुरीच्या पद्धतीचा आहे. 2024 च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. चांगलं झालं. पण कोयता अजून एकच आहे.

विडी वळण्याच्या कामातही तेच. सोलापुरात हजारो बायका हजार विड्यांमागे मजुरी घेतात. त्या हजार विड्या पुऱ्या होण्यात घरातल्या इतरांचेही हात लागलेले असतात आणि वर खराब ठरवलेल्या विड्यांची छाट वेगळी कापली जाते. नगावर काम असलं तरी सामान्य तासांत किमान मजुरी पदरात पडली पाहिजे, हा नियम आहे.

"मजुरी वाढवली की नोकऱ्या जातात"

या समजाला अर्थशास्त्राच्या पुस्तकांचा बराच काळ आधार होता. 1992 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते वाढलं नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रुगर यांनी दोन्ही बाजूंच्या फास्ट फूड दुकानांतली नोकऱ्यांची संख्या तपासली, तर वाढ झालेल्या राज्यात नोकऱ्या घटल्या नव्हत्या. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, फेरतपासण्या झाल्या. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं, ते याच प्रकारच्या कामासाठी. मजुरी कितीही वाढवली तरी काही बिघडत नाही, असा याचा अर्थ नाही. जिथे मालक थोडे आणि काम मागणारे फार, तिथे मजुरी मुळात दाबलेली असते, आणि ती वर आणायला बरीच जागा असते. आपल्याकडची परिस्थिती बहुतेक ठिकाणी हीच आहे.

विखुरलेल्या कामगारांसाठी काही करताच येत नाही, हेही खरं नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 मध्ये महाराष्ट्रात हमालांसाठी माथाडी कायदा झाला. हमाल कुणा एकाचा नोकर नाही. आज या गाळ्यावर, उद्या त्या. तरी त्याची मजुरी माथाडी मंडळाकडे जमा होते आणि मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस आणि दवाखाना भागतो. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला निवृत्तीचे पैसे देणारा हा कायदा महाराष्ट्राने केला. आज अॅपवर काम करणाऱ्यांबद्दल "त्यांचा मालक कोण" असं विचारलं जातं, तेव्हा त्याचं उत्तर आपल्याच राज्यात तयार आहे.

शेवटी आपल्या फाटकापाशी. सोसायटीचा वॉचमन बहुतेक ठिकाणी बारा तास उभा असतो. कामाचे तास आठ, आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. म्हणजे बारा तासांच्या ड्युटीला सोळा तासांचे पैसे लागतात. एजन्सीच्या बिलात ते आहेत का? ठेकेदाराने पैसे बुडवले, तर ज्याच्याकडे काम चालतं त्याच्यावर जबाबदारी येते, म्हणजे सोसायटीवर. शंभर फ्लॅट आणि दोन फाटकं असलेल्या सोसायटीत बारा तासांचे चार रक्षक पंधरा हजारांवर असतील, तर फ्लॅटमागे महिन्याला 600 रुपये पडतात. आठ तासांचे सहा रक्षक वीस हजारांवर ठेवले तर 1,200. फरक 600 रुपयांचा, आणि सुट्टीचा बदली माणूस धरला तर आणखी थोडा. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय तुम्ही मांडा, आणि एजन्सीकडून रक्षकांच्या पगारपावत्या मागवून घ्या.