विद्युतप्रवाह-मापनासाठी संवेदकाची निवड : मुलुंडच्या रेल्वेमार्गावरील स्थित्यंतराच्या संदर्भात

विद्युत मंडलाची रचना करताना ‘किती अँपिअरचा संवेदक घ्यावा?’ असा प्रश्न विद्यार्थी सर्वप्रथम विचारतात. वस्तुतः हा प्रश्न दुसरा आहे. मोजावयाचा प्रवाह एकदिश आहे की प्रत्यावर्ती, आणि मापनयंत्र मुख्य तारेपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवणे आवश्यक आहे काय, हे आधी ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात या क्रमाचे महत्त्व मुलुंड परिसरातील एका परिचित उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केले आहे.

मुंबईतील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. ती १५०० व्होल्ट एकदिश दाबावर चालत असे व हीच पद्धती पुढे उपनगरी मार्गांवर रूढ झाली. मध्य रेल्वेचा लोकमान्य टिळक टर्मिनस ते ठाणे हा भाग, ज्यात मुलुंड स्थानक येते, जानेवारी २०१४ मध्ये २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबावर आणण्यात आला. त्याच्या दक्षिणेकडील मुख्य मार्गाचे परिवर्तन जून २०१५ मध्ये व हार्बर मार्गाचे २०१६ मध्ये झाले. संक्रमणकाळात दोन्ही पद्धतींवर चालू शकणाऱ्या लोकल वापरल्या गेल्या. मुलुंडहून बोरीबंदरकडे जाणारी गाडी त्या काळात एकाच फेरीत दोन प्रकारचा प्रवाह घेत असे.

एखादी गाडी ३ मेगावॅट शक्ती घेते असे मानू. १५०० व्होल्टवर तिला २००० अँपिअर प्रवाह लागेल. २५,००० व्होल्टवर, शक्तिगुणक एक धरल्यास, अवघा १२० अँपिअर. केवळ आकडे पाहणाऱ्यास दुसरे मापन सोपे वाटेल. परंतु येथे आकड्यापेक्षा स्वरूपातील बदल अधिक निर्णायक आहे.

सर्वांत साधा संवेदक म्हणजे शंट, अर्थात अल्प व निश्चित मूल्याचा रोध. ओहमच्या नियमानुसार त्यावरील दाब प्रवाहाच्या प्रमाणात असतो, आणि तो एकदिश व प्रत्यावर्ती दोन्ही प्रवाह मोजतो. मात्र पूर्ण प्रवाहास ७५ मिलिव्होल्ट देणारा शंट २००० अँपिअरला १५० वॅट उष्णता निर्माण करील. शिवाय त्याची टोके मुख्य तारेच्याच विभवावर असल्याने मापकापर्यंत १५०० व्होल्ट पोहोचू नयेत, याची स्वतंत्र तजवीज करावी लागते.

प्रवाह-रोहित्र, म्हणजे व्यवहारातील सी.टी., ही अडचण दूर करते. पण ते बदलत्या चुंबकीय स्रोतावर चालते. स्थिर एकदिश प्रवाहाचा स्रोत बदलतच नाही. त्यामुळे मुख्य तारेतून दोन हजार अँपिअर वाहत असले तरी दुय्यम वेटोळ्यात काही प्रवर्तित होत नाही. याहून फसवी स्थिती मिश्र प्रवाहाची. प्रत्यावर्ती प्रवाहात एकदिश घटक मिसळल्यास गाभा संपृक्त होतो व वाचन प्रत्यक्षापेक्षा कमी येते. घरगुती वीजमीटरमधील साध्या सी.टी.ला अर्धतरंगी भार अशाच प्रकारे फसवू शकतो. म्हणून एकदिश घटकाने न बिघडणारे विशेष गाभे विकसित झाले. गाभा नसलेले रोगोव्स्की वेटोळे संपृक्त होत नाही, परंतु स्थिर प्रवाह त्यालाही दिसत नाही.

एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारित संवेदक येथे उपयोगी पडतो. तो स्थिर चुंबकीय क्षेत्रही ओळखतो आणि मुख्य तारेपासून अलग राहतो. दोन्ही पद्धतींवरील गाडीत एकाच जागी मापन करावयाचे असल्यास हा पर्याय स्वाभाविक ठरतो. याची किंमत मात्र मोजावी लागते : तापमानानुसार शून्यबिंदू सरकतो, आणि मोठ्या अतिभारानंतर गाभ्यात उरलेले चुंबकत्व शून्य प्रवाहालाही काही वाचन देते. बंद-पाश रचनेत भरपाईचे वेटोळे गाभ्यातील स्रोत शून्याजवळ ठेवते. अचूकता वाढते, तसा खर्च व वीजवापरही.

महाविद्यालयीन प्रकल्पांत याउलट अतिरेक दिसतो. मोबाइल चार्जरचा अर्धा अँपिअर मोजण्यासाठी ए.सी.एस. ७१२ या हॉल चिपचा २० अँपिअरचा प्रकार सर्रास जोडला जातो. त्याचे उत्तर प्रति अँपिअर १०० मिलिव्होल्ट. ५ व्होल्टच्या १०-बिट परिवर्तकाची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्धा अँपिअर जेमतेम दहा पायऱ्यांत मावतो. या चिपचा शून्यबिंदू पुरवठ्याच्या निम्म्यावर असतो. परिवर्तकाचा संदर्भ-दाब स्वतंत्र व स्थिर असेल आणि पुरवठा ५ वरून ४.९ व्होल्टवर आला, तर शून्य ५० मिलिव्होल्टने खाली सरकते व नसलेला अर्धा अँपिअर उलट दिशेने वाहताना दिसतो! विद्यार्थी मग आज्ञावलीत दोष शोधत बसतात. चार्जरच्या ५ व्होल्टच्या बाजूस अलगतेची गरज नसते, तेथे ०.१ ओहमचा रोध ५० मिलिव्होल्ट देतो, केवळ २५ मिलिवॅट खर्च करतो, आणि वीसपट वर्धनाने १ व्होल्ट मिळतो. तोच रोध २३० व्होल्टच्या बाजूस मात्र लावू नये. तेथे सी.टी. योग्य; पण मुख्य प्रवाह चालू असताना त्याचे दुय्यम वेटोळे उघडे ठेवल्यास टोकांवर घातक दाब उत्पन्न होऊ शकतो, म्हणून भाररोध आधी जोडावा व मगच वीज सुरू करावी.