उपवास पोटाचा आणि मनाचा

भस्म बुधवारी कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या देवळात एक मोठी गमतीची विसंगती पाहावयास मिळते. त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचे वाचन होते. उपवास करणाऱ्याने चेहरा उतरवून हिंडू नये, उलट तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे आणि आपला उपवास चारचौघांना कळू देऊ नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. हे ऐकून झाले की थोड्याच वेळाने भाविक रांगेने पुढे जातात आणि कपाळावर राख लावून घेतात! तोंड धुवा असे सांगावयाचे आणि लगेच त्याच तोंडाला राख लावावयाची, हे कसे? आमच्या मते या प्रश्नाच्या उत्तरातच ख्रिस्ती उपवासाचे सारे मर्म साठवलेले आहे.

प्रथम बाहेरची चौकट पाहू. भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजले तर ते ४६ भरतात. त्यांतील सहा रविवार उपवासाचे धरीत नाहीत. ते वजा केले म्हणजे ४० उरतात. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे हे स्मरण. कपाळाची राखसुद्धा परंपरेने आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरविलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. गेल्या वर्षीचा जयजयकार यंदा राख होऊन कपाळी येतो.

पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली कॅथलिकांसाठी उपवासाचे नियम बरेच सैल केले. सक्तीच्या उपवासाचे दिवस भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोनच ठेवले. त्या दिवशी एकदा पोटभर जेवावे, सकाळ-संध्याकाळ थोडेसे घ्यावे आणि मांस वर्ज्य करावे, इतकेच बंधन. आजारी माणसाला तेही नाही. पूर्वेकडील सनातनी पंथ मात्र मांस, दूध, अंडी यांपासून दीर्घकाळ दूर राहतात. आणि पुष्कळसे प्रॉटेस्टंट पंथ हा विषय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवतात. नियम इतके निरनिराळे असूनही एका गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे: पोट रिकामे राहिले म्हणजे उपवास झाला, असे नव्हे.

हा इशारा ख्रिस्ताच्याही आधीचा आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे गाऱ्हाणे करतात की, आम्ही उपवास करतो आणि तू लक्षही देत नाहीस. त्यावर मिळालेले उत्तर फार झोंबणारे आहे. तुम्ही उपवासाच्याच दिवशी मजुरांना राबवून घेता आणि आपसांत भांडता. खरा उपवास म्हणजे जुलमाची बेडी तोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे. धन्याचे पोट व्रतासाठी रिकामे आणि मजुराचे पोट धन्यामुळे रिकामे, हा हिशेब देवाला मान्य नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी याचा अगदी व्यवहारी अर्थ लावला होता. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची रीत सांगितली आहे. त्या दिवशी केवळ भाकरी आणि पाणी घ्यावे, एरवी जेवणाला किती खर्च आला असता तो मोजावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. म्हणजे वाचलेला घास आपल्याच डब्यात राहता कामा नये. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बासिल यांनी उपवासावर प्रवचने केली. अन्न सोडून शेजाऱ्याची निंदा करीत बसणाऱ्यांना त्यांनी चांगलेच फटकारले; आणि त्यांच्या प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा भुकेल्यांना अन्न मिळवून देण्यासाठी ते स्वतः झटले.

आपल्याकडील श्रोत्यांना हे परके वाटू नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यालाच लावली आहे. जी खोड साबुदाण्याच्या खिचडीत लपते, तीच मांस सोडून माशांची मेजवानी झोडण्यातही लपते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथून आणलेल्या शेकडो मुलींना पुढे केडगावास आसरा मिळाला. त्या मुलींची भूक हे व्रत नव्हते, ते प्रारब्ध होते. ज्याला जेवण सोडण्याची मुभा आहे, त्याला ज्यांना ती मुभाच नाही त्यांची आठवण करून देणे, हेच तर उपवासाचे काम आहे.

येथे उपवासाची गाठ सेवेशी पडते. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाची हकिगत आहे. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. धुळीच्या वाटांनी चालून आलेल्यांचे पाय धुणे हे तेव्हा घरातील दासाचे काम. ज्याने विश्वासघात केला त्या यहूदाचेही पाय त्या रात्री धुतले गेले. पेत्राने मात्र आधी पाय मागे घेतले. सेवा करण्यास नम्रता लागते हे आपण जाणतो; पण सेवा करून घेण्यासही ती लागते, हे पेत्राला त्या रात्री शिकावे लागले.

पवित्र गुरुवारी हा विधी आजही होतो. परंतु विधी झाला की त्याचा देखावा होण्याचे भय आलेच. इंग्लंडचे राजे एकेकाळी या दिवशी गरिबांचे पाय धूत आणि दान देत. अठराव्या शतकात पाय धुणे मागे पडले. खास पाडलेली नाणी वाटण्याचा समारंभ मात्र आजही चालतो. वाकणे अवघड, देणे सोपे! उलट २०१३ साली पोप फ्रान्सिस हे रोममधील अल्पवयीन बंदिवानांच्या तुरुंगात गेले आणि तेथील बारा जणांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत दोन मुली होत्या. २०१६ साली त्यांनी स्त्रियांचा समावेश नियमानेच मान्य केला.

तरीही खरी परीक्षा समारंभात होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे पाय रोज पुसणारी सून, किंवा शेजारच्या आजारी माणसाचे भांडे कोणाला न सांगता उचलणारा तरुण, यांच्यासाठी कोणी घंटा वाजवीत नाही. योहान कासियन यांनी इजिप्तच्या अरण्यातील एका वृद्ध साधूची गोष्ट नोंदवली आहे. पाहुणा येताच त्याने उपवास मोडला. कारण विचारताच तो म्हणाला की, उपवास माझ्यापाशी सदैवच आहे, तुम्ही मात्र थोड्या वेळाने निघून जाल. नियम माणसासाठी मोडता येणे, हीही नम्रताच होय.

आता त्या राखेकडे परत वळू. ती कपाळावर लागते ती ‘मी व्रतस्थ आहे’ असे मिरविण्यासाठी नव्हे. तू माती आहेस, हे ऐकण्यासाठी. गंमत अशी की आपल्या कपाळावरची राख आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याची दिसते. आणि ती पाहून, हाही आपल्यासारखाच मातीचा, एवढे उमगले तरी पुरे. राख पुढे धुऊन टाकावी. मनात उमटलेली खूण तेवढी राहू द्यावी.